पाचव्या मजल्यावरचा सूर

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई हो म्हणाली! मला न विचारता! म्हणजे मला विचारायचं काही कारण नाही — गाणार ती, पियानो वाजवणार ती. पण तरी.

रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले होते. वर तिच्या खोलीत अर्धा तास बसले. मी खाली आमच्या स्वयंपाकघरात छताकडे कान लावून उभा. शब्द एक कळला नाही, फक्त तिचं हसणं. साहेब उतरताना जिन्यात गाठलं. सत्तावीस तारखेला मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. ताईनं स्वतः बांधलेली गाणी, हॉलचा पियानो, सोबत ट्रंपेट. आणि 'पाचवा मजला' हवंच. "ते नसेल तर रेकॉर्ड काढायची कशाला?" म्हणाले.

मी वा वा म्हटलं. साहेब गेल्यावर जिन्यातच बसलो.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसं गुडघे सांभाळतात. आमच्या ताईला ट्रंपेट हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, काय होतंय. म्हटलं, पित्त. "पित्ताला पाचवा मजला म्हणतात होय हल्ली?" म्हणाली. या बाईशी लग्न करून बेचाळीस वर्षं झाली, अजून एक थाप पचलेली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो. वहीला तोंड नाही हा तिचा मोठा गुण.

सहा वर्षांपूर्वी क्लबात एका संध्याकाळी 'पाचवा मजला'च्या शेवटी ताईचा वरचा सूर फाटला. सरळ फाटला, झाकण्यासारखा नाही. तिनं तिथल्या तिथे सावरलं — "आज वरचं दार बंद आहे मंडळी, उद्या या" — लोक हसले, टाळ्या वाजवल्या. घरी आली, पियानोचं झाकण लावलं, वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. अकरा दिवस झाकण उघडलं नाही. त्या अकरा दिवसांत तिनं काय केलं? इस्त्री! पडदे, टेबलक्लॉथ, माझे हातरुमालसुद्धा. आयुष्यात कधी इस्त्रीला हात न लावलेली बाई. छतावरून पियानोऐवजी इस्त्री टेकवल्याचा ठक् ठक् आवाज यायचा आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मी पियानो ट्यूनर. उतरलेल्या तारा वर चढवणं हा माझा पंचेचाळीस वर्षांचा धंदा. बाराव्या दिवशी उलटं केलं. तारा पिळायची चावी घेऊन वर गेलो, म्हटलं पियानोला ओल धरलीय, बघतो. आणि सगळ्या तारा केसभर उतरवल्या. पुढच्या आठवड्यात आणखी केसभर. ताईचा कान तिखट, म्हणून घाई केली नाही. तीन महिने मुंगीच्या पावलानं चोरी केली. दोनशेच्या वर तारा, सगळ्या एक घर खाली.

म्हणजे असं: काळी असो की पांढरी, बोट पडतं नेहमीच्याच घरावर, ऐकू येतो मात्र त्याच्या डावीकडच्या घराचा सूर. गाणारीला वाटतं आपण जुन्याच उंचीवर गातोय. खरं तर पाचवा मजलाच थोडा खाली आलेला.

क्लबातला पियानोही माझ्याच हाती. तोही उतरवला. बासवाला आपल्या तारा पियानोवरून जुळवतो, ड्रमवाल्याला काय, कशाशीच जुळवायचं नाही. कोणाला पत्ता नाही. चार महिन्यांनी ताई क्लबात परत गायला बसली आणि वरचा सूर लागला! स्वच्छ! सहा वर्षं लागतोय. दर वेळी मी मनात म्हणतो, शाबास रे पठ्ठ्या — म्हणजे मला.

आता हॉलचा पियानो खऱ्या पट्टीत. वर ट्रंपेट, ते तर काही केल्या खाली यायचं नाही. खऱ्या पट्टीतला तो सूर ताईनं सहा वर्षांत लावलेला नाही, आणि तिला ते माहीत नाही. सगळ्यांसमोर फाटेल आणि रेकॉर्डवर कायमचा राहील. सांगितलं तर मन फाटेल. न सांगितलं तर गळा.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगायला वर गेलो. हातात तेलाची डबी, निमित्त म्हणून.

ती डाव्या हाताचा रियाज करत होती. ताईचा डावा हात म्हणजे बाजारात निघालेली बाई — घाई नाही, पण थांबायचंही नाही, वाटेत एखाद्याला टोमणा मारून पुढे. उजवा हात मध्येच आठवण झाल्यासारखा येतो. आणि गाणं दोघांच्याही मागून. पियानो पुढे गेला तरी ही आपली रमतगमत, ताल सुटला असं वाटतं न वाटतं तोच नेमकी हजर. लहानपणी शाळेतही घंटा थांबता थांबता पोचायची. मला वाटायचं आळशी आहे. नंतर लोक त्याला शैली म्हणायला लागले.

"काय रे छोट्या, तार तुटल्यासारखा चेहरा का?" वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी छोट्या.

म्हटलं, पेडल करकरतंय. "माझ्या गुडघ्याचा आवाज आहे तो," म्हणाली. "तिथे घाल तेल."

मग साहेबांनी पाठवलेला कागद वाचायला दिला. रेकॉर्डच्या पाठीवर छापणार. 'या क्षेत्रातील अग्रणी.' ताई म्हणाली, "अग्रणी म्हणजे आधी ज्याला शिव्या बसतात तो ना?" तिला बसल्याच होत्या. हॉटेलच्या नाचघरात तिला गायला घेतलं तेव्हा ती बावीस वर्षांची. मॅनेजरचं म्हणणं, बाईनं उभं राहून गावं, पियानो पुरुषानं वाजवावा, ते दिसायला बरं. पियानोवाला रोज उशिरा यायचा. एक दिवस आलाच नाही. ताई बसली. मॅनेजर धावत आला तोवर नाचणारी जोडपी थांबून ऐकायला लागली होती. नाचघरात नाच थांबवला म्हणून पहिल्याच दिवशी दंड, आणि दुसऱ्या दिवशीपासून पियानो तिचा. पियानोवर बसून स्वतःचा बँड चालवणारी बाई या शहरानं त्याआधी पाहिली नव्हती. गायला भरपूर होत्या, हुकूम करायला एकही नव्हती.

हे सगळं तिनं आज मला परत सांगितलं, मला पाठ असताना. मी ऐकत बसलो. अशा बाईला कुठल्या तोंडानं सांगू की मी तुझा पियानो खाली आणून ठेवलाय?

गुडघ्याला तेल देऊन आलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हॉलचा पियानो पाहून आलो. सुंदर आहे मेला. काळा कुळकुळीत, आपला चेहरा दिसतो त्यात, माझा चोरासारखा दिसला.

तिथला ट्यूनर माझ्या निम्म्या वयाचा. यंत्रावर लावतो, हिरवा दिवा लागला की सूर लागला. पोरगा गुणी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, थोडा खाली ठेवला तर लाकडाला बरं असतं, नाही?

"किती खाली?"

"फार नाही. एक घर."

त्यानं यंत्र खाली ठेवलं. "काका, ट्रंपेट आहे ना सोबत?" म्हणाला. मग हळूच, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" पाणी आणून दिलं.

खरं आहे त्याचं. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढला असता, पाणी न देता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क्लबात गेलो. खांबामागच्या माझ्या खुर्चीत. नातेवाइकांनी समोर बसायचं नाही हा ताईचा जुना नियम — "तुमचे चेहरे दिसले की मला घरचं सामान आठवतं." त्यामुळे सहा वर्षं नाही, चाळीस वर्षं मी तिची पाठच ऐकतोय.

आज रंगात होती. पुढच्या टेबलावरचा एक टकलू गृहस्थ गाणं चालू असताना मोठ्यानं बोलत होता. ताईनं चालू गाण्यातच शब्द बदलले, त्याच्या टकलावर चंद्र उगवला, मावळला, वेटरनं पुसला. तालाला धक्का नाही. सगळा क्लब हसला, टकलू सगळ्यात जास्त. नंतर त्यानंच तिच्यासाठी फुलं मागवली.

शेवटी 'पाचवा मजला'. पहिला मजला, दुसरा, तिसऱ्यावर दम लागून बसते, कुरकुरते, मग चौथा... आणि वरचा सूर. लागला. बासवाला — उंच आहे म्हणून त्याला सगळे उंट म्हणतात — मान वर करून खुशीत हसला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बारा दिवस उरले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ट्रंपेटवाली ताईकडे तालमीला आली. साहेबांनी पाठवलेली. पंचविशीची, केस मुलासारखे, पायात मोठाले बूट.

मी हिला सकाळीच सांगून ठेवलं, आज भांडं फुटणार. खाली आलेला पियानो आणि खऱ्या पट्टीतलं ट्रंपेट एकत्र वाजलं की कुत्रीसुद्धा रडतील. छताखाली उभा राहिलो. ही भाजी चिरत होती. "पडलं तर छतच पडेल, जरा बाजूला व्हा," म्हणाली.

सुरू झालं. आणि — काही नाही! जुळलं! लोण्यासारखं जुळलं. दीड तास वाजवत होत्या, मध्ये हसत होत्या.

मग उलगडा झाला. पोरगी हुशार! पियानो खाली आहे हे तिला पहिल्या सुरालाच कळलं असणार, आणि तिनं बिचारीनं न बोलता आपलं सगळं वाजवणंच एक घर खाली घेतलं. वडीलधाऱ्या बाईची लाज राखली. आजकालच्या मुलांना उगाच नावं ठेवतात.

उतरताना तिला चहाला बोलावलं. दोन कप पाजले, वर केक. म्हटलं, जमलं ना? "न जमायला काय झालं, काका?" मी डोळा मारला. तिनंही मारला, जरा भीत भीत. मी म्हटलं, "तुझे उपकार विसरणार नाही." ती बूट नीट न घालताच गेली.

दार लावून वळलो तर ही पदराआड हसत होती. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, केक संपला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पण हॉलमध्ये त्या पोरीला असली दया करता येणार नाही. तिथे पियानोच खरा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज वेगळी वाट धरली. सांगायचं नाही, वळवायचं. म्हटलं, "ताई, 'पाचवा मजला' रेकॉर्डमध्ये कशाला? सगळ्यांनी ऐकलेलं आहे."

"मलाही सगळ्यांनी पाहिलंय. घरी बसू?"

म्हटलं, मग जरा खालच्या पट्टीत घे. भारदस्त वाटेल.

तिनं पियानोवरचे हात मांडीवर घेतले. मला माझी चूक कळली, पण तोंडातून निघालेला शब्द. "का?" म्हणाली. एवढंच. मी खिडकीच्या कडीकडे बघत म्हटलं, सहज.

"छोट्या, हे गाणं कसं झालं माहितीये तुला?" माहीत होतं. तरी तिनं सांगितलं. नाचघर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट पाहुण्यांसाठी, वाजवणाऱ्यांनी जिन्यानं यायचं. उंच टाचांचे बूट हातात घेऊन ती रोज पाच मजले चढायची, तिसऱ्यावर पायरीवर बसून मॅनेजरच्या नावानं बोटं मोडायची. ती बोटं मोडतानाच चाल सुचली. "वर पोचल्यावर दार उघडलं की दिवे, माणसं, पियानो. तो सूर म्हणजे ते दार आहे. चौथ्या मजल्यावर दार लावून ठेवू? भारदस्त वाटावं म्हणून?"

मी म्हटलं, नको.

"तुला भीती वाटते का मी नाही पोचणार?"

इथे सांगायला हवं होतं. देवानं तोंडात घास आणून दिला होता. मी म्हटलं, छे! आणि पेडलच्या स्क्रूबद्दल दहा मिनिटं बोललो. माझ्याइतका शूर माणूस शोधून सापडणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही म्हणाली, "सांगा नाहीतर गप्प बसा. तिसरं काही तुम्हाला जमणारं नाही."

तिसरंच केलं. चिठ्ठी लिहिली. सगळं लिहिलं — ओल नव्हती, मीच उतरवला, क्षमा कर, परवा वरचा सूर घेऊ नकोस. दुपारी ताई झोपल्यावर दाराखालून आत सरकवली. चार पायऱ्या उतरलो आणि थांबलो. परवा रेकॉर्डिंग, आणि आज ही चिठ्ठी? ती परत इस्त्री काढेल. वर गेलो. जमिनीवर पालथा पडून तारा ओढायच्या आकड्यानं चिठ्ठी बाहेर ओढायला लागलो. अर्धी आली आणि दार उघडलं.

तिच्या चपला माझ्या नाकासमोर.

"काय शोधतोयस?"

"स्क्रू पडला."

"माझ्या दाराखाली?"

"घरंगळला."

चिठ्ठी पोटाखाली घेतली होती. ती म्हणाली, "सापडला की सांग," आणि दार लावलं. चिठ्ठी शेगडीत जाळली. सदऱ्याला जिन्यावरची सगळी धूळ. हिनं ब्रश आणून दिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू. क्रमानं लिहितो.

दहा वाजता हॉल. साहेबांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, रेकॉर्डिंगवाल्याशेजारी, ट्यूनर म्हणून, लागलो तर लागलो. काचेतून पियानो तिरपा समोर. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी ताईचे हात समोरून बघत होतो. ती गाताना तिच्याकडे पाठीमागूनच बघायची इतकी सवय की तिचा चेहराच मला परका वाटला. निळी साडी, चष्मा डोक्यावर, ओठ घट्ट.

कशापासून सुरुवात, साहेबांनी विचारलं. ताई म्हणाली, "वरचा मजला आधी. पाय ताजे आहेत तोवर."

मी खुर्चीचे हात धरले.

तिनं मान हलवली. पियानो, बास, ट्रंपेट एकदम सुरू. आणि असा कर्कश आवाज झाला की रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन उपटले. सगळे थांबले. मला वाटलं झालं, फुटलं भांडं. पण ताई अजून गायलीच नव्हती! चुकला होता पियानो. ताईचा हात! चुकीच्या घरावर पडला होता. तिनं आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहिलं. उंट बासवर वाकून हसत होता.

"सवय," ताई माइकमध्ये म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू आलं. "सहा वर्षं झाली ना. घरचा पियानो एक घर खाली आहे, म्हणून मी एक घर उजवीकडून वाजवते. तेच केलं इथेही."

मग तिनं काचेकडे पाहिलं. माझ्याकडे. चष्मा डोळ्यांवर घेतला, माझा चेहरा नीट दिसावा म्हणून. आणि माझ्याकडे बघत बघत दोन्ही हात उचलून एक घर डावीकडे ठेवले.

म्हणजे मी तिला सहा वर्षं खाली आणत होतो आणि ती सहा वर्षं वर सरकून बसली होती. घरी, क्लबात, सगळीकडे ती खऱ्या पट्टीतच गात होती. ट्रंपेटवालीनं कसली दया केलीच नव्हती. उंट तारा पियानोवरून जुळवत नव्हता, स्वतःजवळच्या स्वरकाट्यावरून जुळवत होता, हे त्यानंच दुपारी सांगितलं. माझे कान तापले. रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, "काका, काही प्रॉब्लेम?" म्हटलं, नाही, ओल आहे जरा.

दुसऱ्यांदा ती चौथ्या मजल्यापर्यंत आली आणि खोकली. पाणी प्यायली.

तिसऱ्यांदा लागला. वर गेला आणि राहिला. कडेला थोडा झिजलेला होता, उंबरठा झिजतो तसा, पण दार सताड उघडं. मी काचेच्या खोलीत रडलो. रेकॉर्डिंगवालाही रडत होता, आणि त्याला तर काहीच माहीत नव्हतं.

बाकीची गाणी संध्याकाळपर्यंत झाली. मला एकही आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ताई आमच्याकडे उतरली. गुडघे धरत. हिनं चहा ठेवला आणि आत न जाता तिथेच उभी राहिली, एक शब्द चुकायला नको म्हणून.

म्हटलं, तुला कधी कळलं?

"पहिल्याच दिवशी. म्हणे ओल धरलीय. बाहेर महिनाभर खडखडीत ऊन होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता." चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "अकरा दिवस मी संपले म्हणून रडत होते. इस्त्री करताना रडलेलं दिसत नाही, कपड्यावरच पडतं. बाराव्या दिवशी तू चावी घेऊन आलास. सख्ख्या भावालाही वाटतं की मी संपले? अशी पेटले, काय सांगू. तू गेल्यावर झाकण उघडलं. तुझे ते मधले तीन महिने फार छळ झाला बरं का, पियानो धड ना वर ना खाली. शेवटी एकदाचा पूर्ण घर उतरला, तशी मी एक घर वर सरकले. म्हटलं, बघूया कोण कोणाला खाली आणतो. त्या रागात सूर लागला. नंतर रोज तुझ्यावर चिडून गायचे, रोज लागायचा."

म्हणजे माझ्या दयेनं काहीही झालं नाही. झालं ते तिच्या संतापानं.

"राग गेल्यावर तरी सांगायचं."

"चुकून राग गेला असता तर सांगितलं असतं," म्हणाली. मग बशी खाली ठेवून, "दर महिन्याला पियानो लावून जिना उतरताना तू शीळ घालायचास. बायको गावाला गेल्यासारखी. ती बंद पाडायला जीव होईना."

मी तिच्यासमोर रडलो. साठ वर्षांत पहिल्यांदा. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

हिला म्हटलं, तुला माहीत होतं? "वन्संनी दुसऱ्याच वर्षी सांगितलं." म्हटलं, आणि मला? "तुम्ही विचारलंत कधी?"

४ मार्च, मंगळवार

पियानो वर घ्यायला सुरुवात केली. उघडपणे! दार सताड उघडं टाकून. सहा वर्षं सैल पडलेल्या तारा एकदम ओढल्या तर तुटतात, म्हणून टप्प्याटप्प्यानं. ताई शेजारी बसून वर्तमानपत्र वाचते आणि मध्येच म्हणते, "ओल गेली का?"

९ मार्च, रविवार

वरची एक तार तुटली. गालावर ओरखडा. ताई म्हणाली, पियानोनं सूड घेतला, त्यालाही स्वाभिमान आहे. क्लबातलाही पुढच्या आठवड्यात वर घेणार आहे. उंट म्हणतो, काका, नीट विचार करा, ताईंचा हात आता इथेही चुकेल.

१५ मार्च, शनिवार

पियानो आज पूर्ण वर आला. काट्याशी बरोबर. ताईला बसवलं. तिनं जुन्या घरातून 'पाचवा मजला' धरलं, चौथ्यापर्यंत गायली आणि हात उचलले. पुन्हा धरलं. पुन्हा तिथेच थांबली.

"त्या दिवशीचा शेवटचा होता रे," म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. रेकॉर्डवर आहे, बास झालं."

मी चावी पेटीत ठेवायला लागलो.

"छोट्या, आता उतरव एक घर. या वेळी मी सांगतेय म्हणून."